आडनावाआड किती दिवस लपणार?

मिरजेहून निघून तिसरा दिवस होता. इंदूर पहाटे सोडलं होतं आणि ब्यावरा ओलांडून गुन्याच्या दिशेने चाललो होतो. जेवायला एका ढाब्यावर थांबलो. अम्मीचे पाय सुजले होते म्हणून तिला बाजेवर बसवलं. मुलगी दाल-फ्रायमधली मिरची बाजूला काढत होती. तेवढ्यात नोएडाहून ब्रोकरचा फोन आला.

"पाटील साहब, ओनर मना कर रहे हैं."

घर ठरलेलं होतं. दोन बेडरूमचा फ्लॅट, तिसरा मजला, मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. टोकन माझ्या तिथल्या सहकाऱ्याने भरलं होतं. आदल्या रात्री करारनामा आणि पोलीस पडताळणीसाठी मी आधार कार्ड पाठवलं. त्यावर माझं पूर्ण नाव आहे, वडिलांचं आहे. तोपर्यंत त्या सगळ्यांसाठी मी 'महाराष्ट्रातले पाटील साहेब' होतो. मी कारण विचारलं तर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "आप पहले बता देते."

टोकनचे पैसे सहकाऱ्याच्या खात्यात पाच मिनिटांत परत आले. माणूस व्यवहाराला चोख होता, हे मान्य करायला हवं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आपल्यात पाटील आहेत, देशमुख आहेत, देसाई आहेत, इनामदार आहेत. गावच्या वतनातून, कामातून आलेली आडनावं. मिरजेत माझं आडनाव ऐकून कुणी काही गृहीत धरत नाही, पुढचं नाव विचारतात. दिल्लीकडे मात्र 'पाटील' म्हटलं की ठरूनच जातं. मला हे माहीत होतं. पहिला मेसेज टाकताना मी मुद्दाम फक्त आडनाव लिहिलं होतं. खोटं बोललो नाही, पण खरंही पुरतं बोललो नाही. त्या ढाब्यावर मला राग आला तो आधी स्वतःचा. त्या घरमालकाचा नंबर दुसरा होता.

हा लेख म्हणून आधी आपल्याविरुद्ध आहे.

पण रस्त्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही रेल्वेने का गेलो नाही, असं सगळ्यांनी विचारलं. अम्मीला विमान नको, सामान सोडून जायचं नाही आणि आमची जुनी पेट्रोल गाडी विकून येणारे पैसे एवढे कमी होते की ती चालवत नेणंच परवडत होतं. मोठं सामान टेम्पोने पुढे गेलं. गाडीत आम्ही चौघं, शिलाई मशीन, कांदा-लसूण चटणीच्या दोन बरण्या आणि अम्मीने हट्टाने घेतलेला पाटा-वरवंटा. मिरज, पुणे, नाशिक हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी मालेगाव, धुळे, शिरपूर, मग सेंधव्याचा घाट आणि इंदूर. मालेगावात चहाला थांबलो तेव्हा यंत्रमागांचा खडखडाट ऐकून अम्मी म्हणाली, इथंच राहूया की. ती चेष्टेत म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य लोक मला गंभीरपणे ऐकवणार होते, एवढंच की गाव दुसरं.

सोळाशे किलोमीटरहून जास्त रस्ता, चार दिवस. या चार दिवसांत आम्हाला एकाही ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, पंक्चरच्या टपरीवर कुणी नाव विचारून परत पाठवलं नाही. इंदुरात आणि ग्वाल्हेरात हॉटेलच्या काउंटरवर तेच आधार कार्ड दिलं. मुलाने झेरॉक्स काढली, रजिस्टरवर सही घेतली आणि किल्ली दिली. ज्या कागदाने नोएडाचं घर गेलं, त्याच कागदावर ग्वाल्हेरात खोली मिळाली.

हा योगायोग नाही, निव्वळ चांगुलपणाही नाही. संविधानाचं कलम 15(2) वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते: इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला अडवता येणार नाही. हे कलम नुसतं सरकारला उद्देशून नाही, खासगी माणसालाही बांधतं. त्यामागे पाणवठ्यावरून आणि चहाच्या दुकानातून हाकलल्या गेलेल्या माणसांचा लढा आहे. चवदार तळं महाडला आहे, आपल्या कोकणात. त्या लढ्याचं फळ मी चार दिवस सेंधव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत खात होतो आणि मला त्याची जाणीवही नव्हती.

आता त्या यादीत शोधा: घर कुठे आहे?

घर नाही. कलम 19 देशात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहून स्थायिक होण्याचा हक्क देतं, पण तो सरकारविरुद्ध. सरकार मला नोएडात राहू नको म्हणू शकत नाही. तिथला प्रत्येक घरमालक एकेक करून म्हणू शकतो. म्हणजे मी देशभर फिरावं, हॉटेलात उतरावं, ढाब्यावर जेवावं. पण बिऱ्हाड मांडायचं झालं की कायदा दाराबाहेर थांबतो.

माझ्या गाडीची गोष्ट याहून गमतीची आहे. तिची पाटी एमएच-10. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म 28 वर जुन्या आरटीओचं ना-हरकत, फॉर्म 27 वर नव्या ठिकाणी अर्ज, तिथला कर भरायचा, इथला राहिलेला कर परत मागायचा. कटकट आहे, खेटे आहेत, पण वाट आहे. कुठल्या खिडकीवर जायचं ते लिहिलेलं आहे आणि नाही म्हटलं तर कारण मागता येतं. एमएच-10 ची यूपी-16 होण्यासाठी गाडीला कायदा आहे. तिच्यात बसून आलेल्या चार माणसांसाठी नाही.

ढाब्यावरून मी टेम्पोवाल्याला फोन केला. तो सांगलीचाच, आमच्या पुढे आग्र्याजवळ पोचलेला. पत्ता बदलला म्हटल्यावर त्याने विचारलं, कुठला नवा पत्ता? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हॉल्टिंग लागेल म्हणाला, त्याचंही बरोबर होतं.

मग मी चूक केली. घरच्या ग्रुपवर लिहिलं.

अर्ध्या तासात सात फोन. मामू, खालू, पुण्याचा चुलतभाऊ, त्याच्या सासऱ्यांचा दिल्लीतला कुणीतरी. सगळ्यांचा सल्ला एकच: ओखल्याला बघ. जामिया नगर, अबुल फजल, शाहीन बाग. आपली माणसं आहेत, मशीद जवळ, गोश्त जवळ, कुणी नाव विचारणार नाही. मामू तर म्हणाले, "तिकडे गेलासच कशाला आधी? माहीत नव्हतं काय?"

मित्रांनो, या वाक्याविरुद्ध मला बोलायचं आहे. 'माहीत नव्हतं काय?' आपल्याला लहानपणापासून हे माहीत करून दिलेलं असतं. नकार मिळाला की नकार देणाऱ्याला कुणी विचारत नाही, नकार मिळालेल्याला विचारतात की तू त्या दारात गेलासच का.

ओखल्यात राहणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून किती कुटुंबं मुंब्र्याला गेली, 2002 नंतर अहमदाबादेत जुहापुरा कसा फुगला, हे आपल्या घरांमधलंच आहे. ती माणसं जीव वाचवायला गेली. जळत्या घरातून उडी मारणाऱ्याला 'जिन्याने का आला नाहीस' असं विचारत नसतात. पण मी जळत्या घरातून आलो नव्हतो. मी पगारपत्रक, तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि सात वर्षांची मुलगी घेऊन आलो होतो. मला ओखल्याला पाठवणारे माझा जीव वाचवत नव्हते, वाद टाळत होते.

आणि वाद टाळण्याची किंमत असते. ज्या वस्तीत लोकांना दुसरीकडे जागा मिळत नाही म्हणून यावंच लागतं, तिथला घरमालक भाडं कशाला कमी करील? तो हिंदू असो की मुसलमान, त्याला माहीत असतं की तुम्ही जाणार कुठे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात बँका काही मुस्लिमबहुल भागांना 'निगेटिव्ह' किंवा 'रेड झोन' मानून कर्ज नाकारतात, हे नोंदवलेलं आहे. म्हणजे आधी घर नाकारून एका जागी गोळा करायचं आणि मग त्या जागेचा पत्ता पाहून कर्ज नाकारायचं. यात आपण 'आपल्या लोकांत राहा' म्हणतो तेव्हा अर्धं काम आपण करून देतो.

दुसरा सल्ला तरुणांचा, आणि तो मला जास्त टोचतो कारण मी स्वतः तो पाळला होता. नाव उशिरा सांग. आडनाव पुढे कर. हिंदू मित्राला फोन करायला लाव, त्याच्या नावावर करार कर. बायकोला पहिल्या भेटीत स्कार्फ नको म्हणाव. तुमच्यातल्या कितीजणांनी पुण्यात, बेंगळुरूत, हैदराबादच्या आयटी पट्ट्यात हे केलंय, मला माहीत आहे, कारण तुम्हीच चहावर हसत हसत सांगितलंय. आपण याला हुशारी म्हणतो.

ही हुशारी कुणाच्या फायद्याची? तुम्ही 'राहुलचा रूममेट' म्हणून आत शिरता तेव्हा त्या इमारतीच्या हिशोबात मुसलमानाला घर दिलंच गेलेलं नसतं. उद्या दुसरा मुलगा तुमच्याच मजल्यावर घर मागायला आला तर सेक्रेटरी म्हणणार, आमच्याकडे ते लोक राहत नाहीत. आणि तुम्ही जिन्यात उभे राहून ऐकणार. शिवाय नकार मिळाला तरी तो नकार राहत नाही. घरमालक म्हणतो, आधी का नाही सांगितलं, फसवलं. माझ्या बाबतीत तेच झालं. 'आप पहले बता देते' या चार शब्दांनी त्याने भेदभाव केला आणि दोषी मी ठरलो.

2015 साली सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत, नोएडाही त्यात होतं. भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी चौकशी केली. फोनवर सवर्ण हिंदू नावाला थेट नकार मिळाला नाही. दलितांना मिळाला, आणि मुसलमानांपैकी जवळपास तिघांतल्या एकाला. हा अभ्यास झाला कारण विचारणाऱ्यांनी नाव आधी सांगितलं आणि उत्तर लिहून ठेवलं. आपण सगळे आडनावाआड लपत राहिलो तर नोंद कशाची करणार?

आता नेहमीचा आक्षेप. ज्याचं घर, त्याची मर्जी. हा आक्षेप आपल्यातले सुशिक्षितही घेतात, म्हणून उत्तर देतो. स्वयंपाकघरात कुणाला बसवायचं ही मर्जी. पण जो माणूस फोटो काढून, भाडं लिहून, ब्रोकर नेमून घर बाजारात मांडतो, तो दुकान उघडून बसला आहे. 15(2) मधल्या 'दुकान' शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायचा, हे डॉ. आंबेडकरांनी घटना समितीतच सांगितलं होतं, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी शिक्षणसंस्थांच्या बाबतीत तो व्यापक अर्थ मान्य केला. तो घरभाड्यापर्यंत न्यायचं काम वकिली शिकणाऱ्या तुमच्यापैकी कुणीतरी करायचं आहे. अमेरिकेने 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याच्या आत, घरं विकताना-भाड्याने देताना भेदभाव करण्याविरुद्ध कायदा केला. त्यात चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर सूट आहे, पण 'अमुक लोकांना नाही' अशी जाहिरात त्यालाही करता येत नाही. म्हणजे मर्जी आणि बाजार यांच्यात रेघ ओढता येते. ब्रिटननेही त्याच वर्षी ओढली. आपल्याकडे उलट 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवण्याची मुभा दिली. सच्चर समितीने सुचवलेला समान संधी आयोग अजून स्थापन झालेला नाही. 2016 चं भेदभावविरोधी विधेयक शशी थरूर यांनी खासगी विधेयक म्हणून आणलं, पुढे काही झालं नाही. निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या किती जणांना आपण याबद्दल एक प्रश्न विचारला? मी तरी कधी विचारला नाही.

आणि आता मिरजेची माडी. हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले.

आमच्या घरावर एक खोली आहे, वेगळ्या जिन्याची. मिरज दवाखान्यांचं गाव, नर्सिंगच्या मुलींना खोल्या लागतात. मी कॉलेजात असताना ईशान्येकडची एक मुलगी खोली बघायला आली होती. अब्बा होते तेव्हा. तिने खोली बघितली, भाडं विचारलं, सगळं पटलं. ती गेल्यावर अब्बा म्हणाले, नको. का, तर ते लोक काय खातात काय माहीत. अम्मी म्हणाली, एकटी मुलगी, नसती जबाबदारी. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, पाहुणे येणार आहेत, खोली द्यायची नाही. सांगायला मला पाठवलं होतं. मी सांगितलं. ती 'ठीक है भैया' म्हणाली आणि बॅग उचलून निघाली. पाहुणे कुणी येणार नव्हते.

'काय खातात' हा प्रश्न कुणाला कुणाबद्दल विचारला जातो हे आपल्याला शिकवायला नको. तरी तो आमच्या घरात विचारला गेला. आपल्या मोहल्ल्यांत एकट्या बाईला खोली मिळत नाही, घटस्फोटितेला मिळत नाही, दलित कुटुंबाला पाहुण्यांचीच थाप मिळते आणि बिरादरीबाहेरच्या मुसलमानालाही कधी कधी. करार तोंडी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची आणि नोंदवला नाही तर दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. आपल्या गल्लीत किती मालकांनी तो नोंदवलाय? नोएडाच्या मालकाकडे मी ज्या कायद्याची अपेक्षा करतो, तो आला तर पहिली नोटीस आमच्या माडीला लागली असती.

ग्वाल्हेरातल्या त्या रात्री झोप लागली नाही. हॉटेलखालच्या दुकानदाराने माझी गाडी पाहून मराठीत हाक मारली होती, कुठले तुम्ही, म्हणून. शिंद्यांच्या काळात आलेलं त्याचं घराणं, त्याची मराठी माझ्यापेक्षा जुनी. त्याला मी पूर्ण नाव सांगितलं. तो म्हणाला, मिरजेला आमचे कुणीतरी होते. तेवढंच. खोलीत येऊन सहकाऱ्याला फोन केला, टेम्पोतलं सामान त्याच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उतरवायचं ठरलं, आणि फोनमधला जुना मेसेज काढून पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव लिहिलं. बायकोचंही. खाली लिहिलं: अडचण असेल तर आत्ताच सांगा, आमचाही वेळ वाचेल. बायको म्हणाली, "मुलीला रात्री झोपवणार कुठे, ते पण लिही." तिचा राग बरोबर होता. तत्त्वाची किंमत बहुतेक वेळा घरातली दुसरीच माणसं मोजतात. आम्ही एकोणीस दिवस सहकाऱ्याच्या हॉलमध्ये झोपलो, अम्मीसकट. शाळा दोन आठवडे उशिरा सुरू झाली.

मेसेज तेवीस ठिकाणी गेला. अकरांनी उत्तर दिलं नाही. सहाजण म्हणाले घर गेलं. त्यांतली चार घरं महिनाभर तशीच जाहिरातीत होती. तिघांनी स्पष्ट लिहिलं, मुस्लिम नको. तिघांनी बघायला बोलावलं. ज्याचं घर मिळालं त्या निवृत्त गृहस्थांनी पार्किंगमध्ये दुसरी गाडी लावणार का, एवढंच विचारलं. मी त्यांचं कौतुक करणार नाही. भाडं घेऊन घर देणं हा व्यवहार आहे, उपकार नाही, आणि आपण तो उपकार समजून आभार मानत राहतो म्हणून बाकीच्यांचं फावतं.

तीन लेखी नकार माझ्याकडे तारखेसह जपून ठेवलेले आहेत. तेवढ्यावर खटला उभा राहत नाही. पण प्रत्येकाने पूर्ण नावाने विचारून उत्तरं ठेवली, पुण्या-मुंबईतल्या, बेंगळुरूतल्या इमारती आणि तारखा लिहिल्या, तर वर्षभरात आमदारासमोर ठेवायला एक वही होईल. त्या वहीत आपल्या मोहल्ल्यातले नकारही लिहायचे. ते वगळले तर वही खोटी.

गाडीचं ना-हरकत अजून यायचं आहे, खेटे चालू आहेत. मागच्या आठवड्यात मिरजेहून चुलतभावाचा फोन आला. माडीवरची खोली पुन्हा रिकामी झाली आहे, नर्सिंगच्या दोन मुली बघून गेल्या, कुठल्या ते त्याला नीट कळलं नाही, काय सांगू म्हणाला. मी म्हटलं, दे, आणि करार नोंदव. तो म्हणाला, चाचीला विचारतो. अम्मीला फोन दिला. ती दार लावून बराच वेळ बोलली. काय ठरलं ते दोघांनीही मला अजून सांगितलेलं नाही.